देवासाठीही तेच क्रियापद

कोम सावी, अख्मीम
१० जानेवारी १९६२

यस्सा,

तू पाठवलेले आपल्या सात तारखेच्या नाताळचे कहक पोचले. निम्मे टपालातच चुरा झाले होते, तो चुरा वनीसने साखरेसकट फस्त केला. पायाचं प्लास्टर अजून निघालं नाही म्हणतोस, मग तुझं खाणंपिणं कोण बघतं ते काही लिहिलं नाहीस. पायऱ्या उतरतानाही पुस्तकात डोकं घातलं की असंच व्हायचं.

आता कामाचं. आझर सुटला. माझ्या बाखूमला कुदळीने मारणारा आझर तुऱ्याच्या तुरुंगाच्या खाणीत आठ वर्षं दगड फोडून बाहेर आला आणि कैरोत कुठेतरी तोंड लपवून आहे. त्याने आपल्या धर्मगुरूंकडे, अबूना बसादांकडे, निरोप धाडला की मी तौबा केली आहे, कफन घेऊन येऊ का. तू अर्धं आयुष्य शहरात काढलंस, विसरला असशील म्हणून सांगते. ज्याने रक्त सांडलं त्याने अनवाणी, उघड्या डोक्याने, स्वतःचं कफन दोन्ही हातांवर घेऊन मेलेल्याच्या माणसांसमोर उभं राहायचं. त्यांनी ते उचलून घेतलं तर वैर मिटलं. नाही उचललं तर त्याला त्यातच गुंडाळायचं.

अबूनांनी रविवारी प्रवचनच त्यावर दिलं. म्हणे तौबा हा शब्द मागाहूनचा, मूळ ग्रीक शब्द वेगळा आहे, आणि चर्चमध्ये आपण गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावतो त्या मतानियाचं नाव त्याच शब्दावरून पडलंय. मी त्यांना बाहेर गाठलं. म्हटलं, "अबूना, नुसतं कपाळच टेकायचं असेल तर आझर कपाळाला घट्टे पाडून घेईल. त्याने माझा मुलगा उठून बसणार आहे का?" तर म्हणाले, "उम्म बाखूम, मला एवढंच येतं. तुझा भाऊ त्या शब्दांवर पोट भरतो, त्याला विचार."

म्हणून विचारते. त्या क्रियापदाचा नेमका अर्थ काय? आणि माणसाने ते खरंच केलंय की नुसतं तोंडाने म्हणतोय, हे बाहेरच्याने ओळखायचं कसं? मला व्याख्यान नको. कोर्टात आझरने शपथेवर सांगितलं की कुदळ आधी बाखूमने उगारली. न्यायाधीशाने त्यावर शिक्षा कमी केली आणि गाव आजही तेच धरून बसलंय. मी कालव्यावर गेले की बायका बोलायच्या थांबतात. मुलगा गेलेली आई म्हणून नाही, भांडखोर मुलाची आई म्हणून. अशा माणसाची तौबा मी कशी पारखू?

वनीसला एकोणिसावं लागलं. बापाच्या जागी असलेला काका लावंदी त्याला आता मंदऱ्यात, बैठकीला, मोठ्या पुरुषांच्या रांगेत बसवतो. भावाच्या रक्ताचं काम आता त्याच्याकडे आलं, असा त्याचा अर्थ. लवकर लिही.

इन्शिराह


शुब्रा, कैरो
१७ जानेवारी

ताई,

व्याख्यान नको म्हणतेस आणि प्रश्न असा विचारतेस की त्यावर मी विद्यार्थ्यांना आठवडाभर छळतो. थोडक्यात लिहितो, जमेल तितकं.

शब्द आहे मेतानोएओ. त्याचा पहिला तुकडा 'नंतर' किंवा 'पालटून' असा, दुसरा 'मनाने जाणणे'. जुन्या ग्रीक लोकांत तो अगदी बाजारी शब्द होता. माणूस आधी एक ठरवतो, मग दुसरंच ठरवतो, बैल विकायला निघालेला अर्ध्या वाटेतून परत फिरतो, झालं. त्यात रडणं नाही, छाती पिटणं नाही. पुढे येशूच्या माणसांनी तो उचलला आणि त्यात अख्खा माणूस घातला. आता तो म्हणू लागला, पुरता वळ. आतल्या आत जळण्याला त्यांच्याकडे दुसरं क्रियापद होतं, मेतामेलोमाइ. ज्या शिष्याने येशूला धरून दिलं आणि मग गळफास घेतला, त्याच्याबद्दल सांगताना लिहिणाऱ्याने हे दुसरं वापरलंय. तो बिचारा जळला, पण वळायचं राहूनच गेलं. आपल्या वाळवंटातल्या साधूंनी पहिल्या शब्दाला गुडघे दिले, कारण मन कुणाला दिसत नाही आणि वाकलेली पाठ दिसते. अबूना चुकले नाहीत, अर्धं बोलले इतकंच.

ओळखायचं कसं? कोण किती रडलं ते बघू नकोस. काय करायचं सोडलं आणि काय करायला घेतलं, ते बघ. माझ्याकडे सध्या मदतीला एक माणूस आहे. तोच मला उठवतो-बसवतो, मसूर शिजवतो, पत्रं टपालात टाकतो. परवा त्याला गच्चीवरच्या पुदिन्याची माती खालीवर करायला सांगितली. कोपऱ्यात लहानशी कुदळ होती. ती बाजूला सारून त्याने बोटांनी माती उकरली, नखं फाटेपर्यंत. मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. असल्या गोष्टींत ते क्रियापद दिसतं, ताई.

लावंदीला म्हणावं घाई करू नको. आणि वनीसला थोडे दिवस माझ्याकडे पाठव. पायाचं निमित्त आहेच.

तुझा
यस्सा


कोम सावी
२२ जानेवारी

यस्सा,

कैरोचा गडी हाताशी कुदळ असताना बोटांनी माती उकरत नाही. कुदळ पाहून ज्याचे हात मागे यावेत असा एकच माणूस मला ठाऊक आहे.

तो तुझ्या घरात आहे. ज्या हातांनी माझ्या मुलाला मारलं त्या हातांनी तो तुला उठवतो-बसवतो, आणि तू त्या हातचं खातोस. वर मला त्याचं नाव न घेता त्याचीच उदाहरणं देतोस! लाज वाटली नाही तुला? बाखूमचा मामा ना तू? त्याला पहिली अक्षरं तू गिरवायला लावलीस, मलाही लिहायला तूच शिकवलंस, ते काय हे असलं वाचायला?

पत्र वाचलं तेव्हा लावंदी समोर बसला होता. म्हणाला, "काय म्हणतो मास्तर?" मी म्हटलं, "पाय ठणकतो म्हणतो." ही थाप मी तुझ्यासाठी मारली, त्याच्यासाठी नाही. लावंदीला कळलं असतं तर वनीस पहिल्याच गाडीने शुब्र्याला निघाला असता, तुझ्या पायाचं निमित्त लागलं नसतं.

आता खरं लिही. एक शब्द लपवलास तर मला भाऊ नाही असं समजेन. तो कधी आला, काय म्हणाला, आणि तू त्याला दारातूनच का हाकललं नाहीस?

इन्शिराह


शुब्रा
२९ जानेवारी

ताई,

शिव्या अगदी बरोबर पत्त्यावर आल्या. मी लपवलं, कारण मला भीती वाटली. तुझी वाटली, आणि लावंदीची त्याहून जास्त.

सणाच्या आदल्या दिवशी दार वाजलं. कुबड्यांवर उघडायला वेळ लागला. दारात एक पांढऱ्या केसांचा, वाकलेला माणूस. मी ओळखलंच नाही. मास्तरांना म्हणतात तसं म्हणाला, "मुअल्लिम, मी आझर. हाकललंत तर जाईन, पण आधी ऐकून घ्या." मी दार लोटायला गेलो, कुबडी घसरली आणि मी आडवा झालो. त्याने मला उचलून खाटेवर ठेवलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला. त्या थंडीत, तिथेच. दुसऱ्या दिवशी मीच त्याला आत घेतलं. यात माझं पुण्य काही नाही, मला एकट्याला उठता येत नव्हतं.

त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहितो. मी विचारलं, "पस्तावलास का?"

म्हणाला, "पस्तावा त्याच घटकेला झाला. बाखूमचा श्वास चालू होता तेव्हाच. काय उपयोग झाला? पस्तावतच कोर्टात उभा राहिलो आणि खोटं बोललो."

"काय खोटं बोललास?"

"त्याच्या हातात कुदळ नव्हतीच, मुअल्लिम. आम्ही पाण्याच्या पाळीवरून भांडलो, हे खरं. पण पाळी माझी हे त्याला पटलं होतं. तो माझाच पाट उघडायला वाकला होता. मला वाटलं, बांध फोडतोय. मी मागून मारलं."

ताई, आपला बाखूम त्याला पाणी देत होता.

आता त्याचं म्हणणं असं की हे सगळं गावासमोर, कफन हातावर घेऊन, मोठ्याने सांगायचं. मी म्हटलं, "अरे वेड्या, दोघांचीही चूक होती असं लोक धरून आहेत, म्हणून तर समेटाची थोडीफार आशा. मागून मारलं म्हणालास की कफन उचलायला एकही हात पुढे येणार नाही." तुला उत्तर लिहिताना मी मोठ्याने वाचत होतो, ते त्याने ऐकलं होतं. म्हणाला, "खोटं तसंच ठेवून कफन नेलं, तर मी वळलो कशापासून?"

ओळखायचं कसं, हे तू विचारलं होतंस. याच्यापुढे मला सांगता येत नाही. त्याला येऊ द्यायचं की नाही ते तू ठरव. फक्त वनीसचा विचार कर. आझरला मारून तो फासावर जाईल नाहीतर खाणीत, आणि आझरच्या चुलतभावांना मागायला नवीन रक्त मिळेल. तुला एकच मुलगा उरलाय.

यस्सा


कोम सावी
६ फेब्रुवारी

आदरणीय बंधू मुअल्लिम यस्सा यांस,

आपलं पत्र पोचलं. घरात विचार झाला. आझरने कफन घेऊन यावं. निनवेचा उपास सुटतो त्या गुरुवारी, योनाच्या सणाला, सकाळची प्रार्थना झाल्यावर सगळे मंदऱ्यासमोर जमतील. त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही. लावंदीने तसा शब्द दिला आहे आणि तो आपल्याला सलाम सांगतो. सोबत पोलीस नकोत, मध्यस्थ नकोत. घरातली गोष्ट घरातच मिटावी.

आपली बहीण,
उम्म वनीस


शुब्रा
१२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून खाटेवर बसल्या बसल्या रडलो. मग 'आदरणीय बंधू' पुन्हा वाचलं आणि हसू आलं. आयुष्यात पहिल्यांदाच तू मला आदर दिलास! खाली सही उम्म वनीस, वनीसची आई, अशी केलीस, तेही माझ्या ध्यानात आलं. गेलेल्याचं नाव सोडून असलेल्याचं घेतलंस, बरं केलंस. पुढे बघायला लागली आहेस, असं मी समजतो.

आझरला पत्र वाचून दाखवलं. मग म्हणाला, "लावंदीने सलाम सांगितलाय?"

मी म्हटलं, "असं लिहिलंय."

"उम्म बाखूमनेच लिहिलंय ना?"

"तिचंच अक्षर."

"मग बुधवारी सकाळच्या गाडीने निघतो." एवढं बोलून तो मसूर निवडायला बसला.

कापड तो स्वतः जाऊन घेऊन आला, मला दाखवलंही नाही. मी सोबत येऊ शकत नाही. पाय धड असता तरी मामाने त्याच्या बाजूने चालायचं नसतं, एवढं मला अजून आठवतं. मी इथे उपास धरून बसेन. ताई, तुझ्या घरून चांगली बातमी येईल अशी आशा मला इतक्या वर्षांत कधी वाटली नव्हती.

तुझा
यस्सा


कोम सावी
१९ फेब्रुवारी, सोमवार

यस्सा,

हे पत्र अबूना बसादांचा मेहुणा हातोहात घेऊन येतोय. आझरला पाठवू नकोस. बाकीचं नंतर वाच, आधी त्याला थांबव.

मागच्या पत्रातला एकही शब्द खरा नव्हता. तुला वाटत असेल लावंदीने माझ्या डोक्यावर उभं राहून ते लिहून घेतलं. तसं नाही. 'मागून मारलं' हे वाचल्यावर मी उठले, आणि तुझं पत्र मीच लावंदीला आणि वनीसला वाचून दाखवलं. लावंदी म्हणाला, "बोलाव त्याला." मी बोलावलं. माझ्या हाताने, माझ्या अकलेने. आदरणीय बंधू कसं लिहायचं ते मला चांगलं सुचलं. बंदूक तर उन्हाळ्यातच घरात आली होती, माझ्या बांगड्या देऊन. वनीसला मीच म्हणत आले की तुझ्या भावाचा अंथरुणावरचा कोपरा अजून गार झालेला नाही. मला तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर पडलेला बघायचा होता.

आज निनवेच्या उपासाचा पहिला दिवस. चर्चमध्ये योनाची गोष्ट वाचली, निनवे नगरीचा नाश होणार हे सांगायला देवाने धाडलेला आणि वाटेत माशाने गिळलेला तो संदेष्टा. लहानपणापासून ऐकतोय आपण, मासा आला की पोरं एकमेकांना कोपराने ढोसतात. आज मी शेवटाकडे अडकले. निनवेच्या लोकांनी वाईट मार्ग सोडला, तेव्हा त्यांच्यावर जे अरिष्ट आणायचं ठरलं होतं त्याबद्दल देव पस्तावला आणि त्याने ते आणलं नाही, असं आपल्या अरबीत आहे. देव कसा पस्तावेल, यस्सा? त्याने कुणाला मागून मारलं होतं? अपराध त्या लोकांचा, न्याय सगळा त्याच्या बाजूचा. मग त्याला पस्तावायचं काय कारण? तुझ्या ग्रीकमध्ये तिथे कोणतं क्रियापद आहे? जळण्याचं की वळण्याचं? मला हे कळायलाच हवं. का ते विचारू नकोस.

वनीस पुरुषांच्या बाजूला उभा होता. अंघोळ करून, स्वच्छ पायघोळ गल्लाबिया घालून. अबूनांनी सांगितली तेवढी प्रत्येक मतानिया त्याने घातली, कपाळाला माती लागली होती. आणि गुरुवारी हाच एका माणसाला मारणार आहे. बाहेर येऊन लावंदीला म्हटलं, "नको. मी माझा शब्द मागे घेते." तो म्हणाला, "उम्म वनीस, बंदूक घरात आणताना तू पुढे होतीस. आता बाजूला हो." वनीसला म्हटलं तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याची परीक्षा घेतेय. माझं कुणी ऐकत नाही. तूच आझरला अडव.

इन्शिराह


तार
शुब्रा, कैरो, २१ फेब्रुवारी

पत्र आता मिळालं. तो सकाळीच निघून गेला. होय, देवासाठीही तेच क्रियापद. वळण्याचं. यस्सा


शुब्रा
२१ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

तार पाठवली, तरी लिहितोच, नाहीतर मला वेड लागेल. हे पोचेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

आझर निघताना माझ्यासाठी दोन दिवसांची भाकरी आणि मसूर करून गेला. अबूनांचा मेहुणा कालची गाडी चुकल्याने आज दुपारी आला. गाडी तोवर मिन्याच्याही पुढे गेली असेल. अख्मीमच्या पोलिसांना तार करावी म्हणून कागद पुढे ओढला. केली, तर वनीस बंदुकीसकट धरला जाईल. नाही केली, तर काय होईल ते तुला माहीत आहे. कागद अजून कोराच आहे. मी असा बुळा माणूस आहे, ताई.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला पहिल्याच पत्रात देता आलं असतं, पण मुलगा गेलेल्या बाईला ते सांगायला धीर झाला नाही. योनाची गोष्ट ज्यांनी आपल्याच अलेक्झांड्रियात बसून ग्रीकमध्ये आणली, त्यांनी तिथे मेतानोएओच घातलं. आणि आणखी एक. त्या गोष्टीत हे क्रियापद निनवेच्या लोकांसाठी एकदाही येत नाही. जिथे येतं तिथे कर्ता देव. ज्याच्या हातात न्याय होता तो वळला, आणि त्यामुळे त्याचा न्याय खोटा ठरला असं कुणी लिहून ठेवलेलं नाही. योना तेवढा चिडला.

काहीही झालं तरी मला कळव. पाठवणारा मी आहे.

यस्सा


कोम सावी
२३ फेब्रुवारी, शुक्रवार

यस्सा,

शेवटच्या ओळीवर उडी मारू नकोस. क्रमाने वाच, मीही ते क्रमानेच सोसलं.

तुझी तार आधी गावप्रमुखाच्या, उम्द्याच्या हातात गेली. त्याने मला बोलावून घेतलं. म्हणाला, "हे 'वळण्याचं क्रियापद' काय प्रकरण आहे? कुठला माल कुठे वळवताय?" मी म्हटलं, "उम्दा, माझा भाऊ मास्तर आहे. मरायला टेकला तरी व्याकरणच कळवेल." त्याने कपाळावर हात मारून तार माझ्यापुढे टाकली. तिथेच त्याला सगळं सांगावं असं तोंडापर्यंत आलं होतं. पण तो लावंदीचा जावई. मूग गिळून घरी आले.

गुरुवारी प्रार्थना सुटल्यावर आझर कालव्याच्या बांधावरून आला. अनवाणी, बोडका, हातांवर पांढरं कापड. पुरुष मंदऱ्यासमोर दोन्ही बाजूंना बसले होते. वनीस लावंदीच्या उजवीकडे, गल्लाबियाच्या आत बंदूक. आम्ही बायका खिडकीच्या जाळीआड. अशा वेळी बाईने उंबरा ओलांडायचा नसतो.

लावंदीने विचारलं, "काय आणलंस?"

"माझं कफन."

"कशासाठी?"

इथे माणसं 'रक्तासाठी' म्हणतात आणि मान खाली घालतात. हा बोलत राहिला. "बाखूमच्या हातात कुदळ नव्हती. तो मला पाणी द्यायला वाकला होता. मी मागून मारलं आणि कोर्टात त्याच्यावर ढकललं. या गावाने त्याच्या आईला आजवर जे ऐकवलं, ते माझं खोटं होतं. आता काय करायचं ते करा."

मला आठ वर्षं हेच ऐकायचं होतं, यस्सा. आणि ऐकल्यावर काय वाटलं सांगू? मार त्याला, असं वाटलं. वनीस, मार, हे माझ्या घशाशी आलं होतं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? लावंदी वनीसला म्हणाला, "ऐकलंस?" वनीस उठला आणि बंदूक बाहेर आली.

तुझी तार माझ्या ओढणीच्या गाठीत होती. माझं मन वळलं नव्हतं, ते अजूनही वळलेलं नाही. पण ज्याचा हक्क आहे त्यालाही वळता येतं, एवढं मला त्या तारेतून कळलं होतं. मी उंबरा ओलांडला. आझरकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ वनीसपुढे गेले, गुडघे टेकले आणि कपाळ त्याच्या पायांपाशी धुळीत ठेवलं. सगळ्या गावासमोर आईने मुलाला मतानिया घातली. म्हटलं, "मी चुकले, मला क्षमा कर. तू एवढासा होतास तेव्हापासून तुला मी याच दिवसासाठी वाढवलं. भाकरीबरोबर हेच भरवलं. हे काम तुझं नव्हतं रे, मी तुझ्या गळ्यात बांधलं."

लावंदी ओरडला, "उठवा हिला!" कुणी पुढे येईना. मतानिया ज्याला घातली त्यानेच उठवायचं असतं, त्याने स्वतःही कपाळ टेकायचं असतं, दुसऱ्याने हात लावायचा नसतो. हे लावंदीलाही माहीत आहे. पण तो तरी काय करणार, मी त्याच्यापुढे वाकले नव्हते. माझ्या नाकातोंडात धूळ जात होती. वर काय चाललंय ते दिसत नव्हतं. वनीसचे पाय तेवढे दिसत होते, आणि ते हलत नव्हते. मी म्हटलं, आता आवाज होईल. देवा, आता होईल.

मग माझ्या कानाजवळ जमिनीवर लोखंड ठेवल्याचा आवाज झाला. वनीसचं कपाळ माझ्या कपाळाशेजारी टेकलं. म्हणाला, "ऊठ ना यम्मा. सगळे बघताहेत."

कफन त्याने उचललं नाही. त्याच्याने ते झालं नसतं आणि मी सांगितलंही नाही. आझर हात पुढे करून उभाच. शेवटी ते मी घेतलं. बाईने कफन घेतलेलं कुणी पाहिलं नव्हतं. अबूना बसादांनी घाईघाईने आशीर्वाद म्हणून टाकला, कुणी हरकत घ्यायच्या आत. मी आझरला म्हटलं, "पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर येऊ नकोस." तो "बरं" म्हणाला आणि आल्या वाटेने गेला. तुझ्याकडेच येईल. त्याला ठेव, नाहीतर घालव, ते तुझं तू बघ.

लावंदी आमच्याशी बोलत नाही. बंदूक अबूनांनी नेली. वनीस सकाळपासून बरसीम कापतोय. दुपारी जेवला मात्र.

एक गोष्ट तुला शहरात बसून कळणार नाही. ज्या घराचं रक्त बाकी असतं त्या घरात रडत नाहीत. रडणं म्हणजे मिटलं असं कबूल करणं. बाखूमला पुरून आलो तेव्हा समाचाराला आलेल्यांना लावंदीने दारातूनच परत पाठवलं होतं, आणि मला सांगितलं होतं, डोळ्याला पदर लावायचा नाही. मी लावला नाही. आठ वर्षं मुलासाठी एकदाही रडले नाही, यस्सा.

काल संध्याकाळी शेजारच्या बायका काळे कपडे घालून आल्या. कालव्यावर माझ्याशी न बोलणाऱ्या त्याच. पहिली आत आली, तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तुझा बाखूम गेला गं." जणू त्याच दिवशी गेला होता. मग मला कुणी आवरू शकलं नाही.

आजही बायका येताहेत, आम्हाला दुखवटा सुरू झालाय. पाय जमिनीवर टेकायला लागला की ये. तू मामा आहेस, पुरुषांत तुला बसावं लागेल.

इन्शिराह